ऐजॉल: चर्चमधली तरुण पोरं नेमकं करतात काय?

डोंगरउतार

नवऱ्याची बँकेत बदली झाली आणि मुलाला घेऊन आम्ही मिझोरामच्या राजधानीत, ऐजॉलला, आलो. इथलं धुकं, खिडकीखालची दरी, हॉर्न न वाजवता मुकाट रांगेत उभे राहणारे टॅक्सीवाले यांवर बऱ्याच जणांनी लिहून ठेवलंय, ते पुन्हा उगाळत नाही. मला लिहायचंय ते आमच्या वेंगमधल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) चर्चबद्दल. त्यातही तिथल्या तरुण पोरापोरींबद्दल. आम्ही ख्रिस्ती नाही. त्यामुळे हे सगळं शेजारणीनं पाहिलेलं आणि घरमालकीणबाईंना विचारून घेतलेलं समजा.

चर्चच्या तरुणांची इथे एक संघटना आहे, क्रिस्तिआन थलाइ पॉल. सगळे केटीपीच म्हणतात. १९५४ पासून चालू आहे आणि वेंगोवेंगी तिच्या शाखा आहेत. दहावीतल्या पोरापासून दोन लेकरांच्या बापापर्यंत कुणीही त्यात असतं. अध्यक्ष, सचिव, खजिनदार मतांच्या चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि प्रचार अजिबात नाही. कुणी स्वतःहून पुढे पुढे केलं तर हमखास पडतो म्हणे. आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ती इथल्या शाखेची खजिनदार. तिची हिशेबाची वही नवऱ्यानं एकदा चाळली. रात्री जेवताना म्हणाला, "आमच्या ब्रँचला हिला घेता आलं तर बरं होईल."

आठवडा गच्च भरलेला. आमच्याकडे सोमवारची रात्र केटीपीची, बायकांची रात्र वेगळी, शनिवारी रात्री उपासना आणि रविवारी सकाळपासून रात्रीपर्यंत चर्चच्या पायऱ्यांवर ये-जा. रविवारची शाळा फक्त मुलांची नसते, मोठ्यांचीही असते. समोरचे आजोबा कोट घालून, पुस्तक काखेत मारून वर्गाला जातात, आणि वर्षअखेरीला परीक्षा होते. लहानांना शिकवायला केटीपीतलीच पोरं. रविवारी शहर बंद. शनिवारी दुधाची पिशवी आणायला विसरलात तर सोमवारपर्यंत कोरा चहा प्या.

इथपर्यंत ठीक होतं. पण आमच्या गल्लीतले एक म्हातारे गृहस्थ वारले तेव्हा मी चाट पडले. इथे वेंगमध्ये खांबांवर भोंगे लावलेले असतात. त्यावरून वायएमएनं, म्हणजे यंग मिझो असोसिएशननं, बातमी सांगितली आणि थोड्याच वेळात आमच्या जिन्यावरून बाकं यायला लागली. हॉलमधली लांबच लांब बाकं, पुढे एक मागे एक, खांद्यावर. अरुंद वळणावर बाक उभं करून फिरवायची त्यांची एक ठरलेली पद्धत आहे, कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. ताडपत्री ताणली, मोठी पातेली आली, चहा चढला. मग रात्रभर गाणं. एक मोठा ढोल, एक छोटा, संथ ठेका. एकजण पुढची ओळ भरभर सांगतो आणि बाकीचे ती उचलतात. रडणाऱ्या बाईच्या शेजारी बसून पोरी गात होत्या, तिला थांबवत नव्हत्या. सकाळी पोरांची एक टोळी कुदळी-पहारी घेऊन कबर खणायला गेली. इथे दोन हात खणलं की कातळ लागतो. दुपारी परत आली तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल. घरच्यांनी कुणाला बोलावलं नव्हतं आणि कुणाला पैसेही दिले नाहीत.

मी घरमालकीणबाईंना विचारलं, ही पोरं वायएमएची की चर्चची? त्यांना माझा प्रश्नच कळेना. "पोरं तीच," म्हणाल्या.

तर माझे प्रश्न दोन. सतरा वर्षांच्या पोराला न बोलावता पहार घेऊन घराबाहेर काढणारी ही व्यवस्था इथे उभी कशी राहिली? आणि आपल्याकडे कोल्हापूर, मिरज, नगरच्या चर्चमध्ये तरुणांचं असं काही चालतं का?

खमंग_चिवडा

मस्त लिहिलंय. फोटो टाका ना. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

डोंगरउतार

मयताचे फोटो कसे काढणार हो! नाताळचे टाकेन.

ईशान्यभटक्या

नोकरीची बरीच वर्षं सिलचर-ऐजॉल रस्त्यावर गेली, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. याचं मूळ चर्चच्या आधीचं आहे. जुन्या मिझो गावात झॉलबुक नावाचं एक मोठं घर असे, बहुधा सरदाराच्या घराजवळ. गावातले सगळे बिनलग्नाचे तरुण रात्री तिथे झोपायचे. हल्ला झाला, वाघ आला, आग लागली की एका हाकेत सगळे बाहेर. लहान पोरांना आत झोपायची परवानगी नसे, पण झॉलबुकच्या शेकोटीला लाकूडफाटा पुरवायचं काम त्यांचं. चुकले की वरच्या पोरांकडून बोलणी, वेळेला मारही. शिस्त, कुस्ती, गावची कामं, सगळं तिथेच शिकायचे.

मग इंग्रजी राज्य आलं, शाळा आल्या, मुलं रात्री घरी अभ्यासाला बसू लागली आणि झॉलबुक ओस पडायला लागलं. पॅरी नावाच्या सुपरिंटेंडेंटनं ते टिकवायचा हुकूम काढून पाहिला. त्याच्या मागून आलेल्या मॅकॉलनं १९३८ साली ते बंदच केलं. पण त्याआधी, १५ जून १९३५ला, मिशनरी आणि मिझो चर्चमधल्या पुढाऱ्यांनी यंग लुशाई असोसिएशन (वायएलए; लुशाई हे मिझोंचं तेव्हाचं नाव) काढली होती. तीच पुढे १९४७ मध्ये यंग मिझो असोसिएशन झाली. म्हणजे तरुणांचं घर गेलं तरी तरुणांची कामं गेली नाहीत, ती आधी वायएलएकडे आणि मग त्याच्या जोडीनं केटीपीकडे आली. मयत, कबर, रस्तादुरुस्ती, हरवलेल्या माणसाचा शोध, हे सगळं झॉलबुकच्या खात्यावरचं काम.

याला त्यांच्याकडे त्लॉमङाइह्ना म्हणतात. स्वतःची गैरसोय सोसून, न सांगता, दुसऱ्याच्या उपयोगी पडायचं, आणि मग त्याबद्दल बोलायचं नाही. हे न जमणाऱ्या माणसाची तिथे पत नसते, मग तो कितीही शिकलेला असो.

रंकाळाकाठ

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडून घ्या. आमचं घराणं चार पिढ्या कोल्हापूरचं आणि मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं.

पहिली गोष्ट, प्रेस्बिटेरियन म्हटलं की लोकांना आता फक्त मिझोराम-मेघालय आठवतं, पण आमच्या कोल्हापुरात हे मिशन मिझोरामच्या कितीतरी आधी आलं. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर आणि त्यांच्या पत्नी १८५२ साली कोल्हापुरात पोचले. १८७०च्या सुमारास त्यांचं काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. शहरातलं वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. मिरजेला वॅनलेस डॉक्टरांनी १८९४ साली दवाखाना उभा केला, तोही याच मिशनचा. आणि तरुणांचा विषय निघालाच आहे तर ऐका राव: वाइल्डर साहेबांचा धाकटा मुलगा रॉबर्ट १८६३ला कोल्हापुरातच जन्मला. तो पुढे अमेरिकेत शिकायला गेला आणि १८८६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनच्या उन्हाळी शिबिरात त्यानं आणि सोबत्यांनी मिळून शंभर विद्यार्थी मिशनच्या कामाला तयार केले. स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट म्हणतात ती तिथून सुरू झाली. जगभर तरुण पाठवणाऱ्या चळवळीचा माणूस आमच्या पंचगंगेच्या पाण्यावर वाढलेला. आमच्याच पोरांना हे माहीत नाही, हे वेगळं.

आता आमचा तरुण संघ. माझ्या लहानपणी जोरात होता. नाताळच्या आधी रात्री घरोघरी गाणी म्हणत फिरायचं, पुढे पेट्रोमॅक्स धरलेला एक मामा, मागे पेटी गळ्यात अडकवलेला दुसरा. प्रत्येक घरी चहा, करंजी, आणि दानाच्या डब्यात काहीतरी. ईस्टरला पहाटे दफनभूमीत उपासना. आदल्या दिवशी तिथलं गवत कापायचं काम संघाचं. नाटक बसवायचो, शब्बाथ शाळेच्या, म्हणजे रविवारच्या शाळेच्या, पोरांची सहल काढायचो. कबर मात्र कधी खणली नाही, त्याला पैसे देऊन माणूस लावतात.

मग ते ओसरलं का? माझं मत सांगतो, पटेल न पटेल. आमच्याकडे मिशननं दवाखाना दिला, शाळा दिली, बंगला दिला, कंपाउंड दिलं. आमचे आजे-पणजे त्याच दवाखान्यात कंपाउंडर, त्याच शाळेत मास्तर. मंडळी आणि मालक एकच. पाळकांचा पगारही वरून. पुढे परदेशी पैसा आटला तेव्हा मंडळी चालवायची सवयच कुणाला नव्हती. जमिनी मात्र राहिल्या. मग ज्या वयात पोरांनी पेटी वाजवायची त्या वयात ती मोठ्यांची भांडणं ऐकत बसली. शिकली ती पुण्या-मुंबईला गेली. आज संघात आठ-दहा टाळकी असतात, त्यातली निम्मी परीक्षा आली की गायब.

१९२४ साली इथले प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल हे दोन पंथ एकत्र झाले, आणि २९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरात सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झालं त्यात आणखी पंथ आले. म्हणजे आमच्याकडे बिशप आला. मिझो लोक त्या एकीकरणात गेलेच नाहीत, त्यांच्याकडे अजून वडीलजनांचा, म्हणजे मंडळीनं निवडलेल्या वडीलधाऱ्यांचा, कारभार. पण तरुणांच्या प्रश्नाला बिशप असण्या-नसण्याशी फार देणंघेणं नाही, असं मला वाटतं. पैसा कुणाच्या खिशातून येतो ते बघा.

डोंगरउतार

रंकाळाकाठ, तुमच्या शेवटच्या वाक्यानं मला एकदम स्वयंपाकघर आठवलं. ते धाग्यात लिहायचं राहिलंच होतं.

घरमालकीणबाईंच्या ओट्यावर तांदळाच्या डब्याशेजारी एक वेगळा डबा असतो. दोन्ही वेळचा भात टाकताना मापानं तांदूळ घेतले की त्यातले मूठभर त्या डब्यात. बुहफाइथाम म्हणतात. १९१०पासून हे घरोघरी चालत आलंय. चर्चच्या बायका ठरल्या दिवशी येऊन डबा रिकामा करून नेतात, तो तांदूळ विकतात आणि पैसे चर्चला. त्यावर शाळा, प्रचारक, पाळक, केवढं काय उभं राहिलं. याशिवाय कमाईचा दहावा हिस्सा देणारे देतातच. पण दहावा हिस्सा ज्याला कमाई आहे त्याचा. मूठभर तांदूळ ज्याच्या घरी चूल पेटते त्या प्रत्येकाचे. मी एकदा त्यांच्या घरी भात टाकत होते, डबा चुकवला, तर त्यांच्या सहा वर्षांच्या नातीनं मला हटकलं.

केटीपीचंही तसंच. त्यांना मोठ्यांकडून आयता पैसा मिळत नाही. सुट्टीच्या दिवशी जंगलात जाऊन लाकडं तोडतात, मोळ्या आणून विकतात. कुणाच्या घराची वाळू-विटा वर चढवून देतात. (इथे घरं उतारावर, गाडी लागते एका टोकाला आणि घर असतं शंभर पायऱ्या खाली. त्यामुळे या कामाला कायम गिऱ्हाईक.) मजुरी संघटनेच्या खात्यात. स्वतः घाम गाळून जमवलेला पैसा म्हणून सभेत एकेका खर्चावर तासभर वाद घालतात. खजिनदार मुलगी सांगत होती, माइकची केबल विकत घ्यायची की दुरुस्त करायची यावर दोन सोमवार गेले.

कडू_कारलं

छान छान चाललंय, थोडा खडा टाकतो.

मिझोराममध्ये एचआयव्हीचं प्रमाण देशात सर्वांत जास्त आहे. नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) अंदाजानुसार प्रौढांमध्ये दोन टक्क्यांच्या वर, देशाची सरासरी ०.२च्या आसपास. म्यानमारच्या सीमेवरून हेरॉइन येतं आणि तरुण सुया टोचून घेतात, हे काही गुपित नाही. मग एवढ्या संघटना, एवढ्या सोमवारच्या सभा, रविवार बंद, दारूबंदी, यांचा उपयोग काय झाला? १९९७ला दारूबंदी आणली, मध्यंतरी उठवली, २०१९ला पुन्हा आणली. चर्चचा दबाव होता म्हणूनच ना?

दुसरं म्हणजे, स्वखुशीनं कबर खणतात हे म्हणणं सोपं आहे. ज्या वेंगमध्ये भोंग्यावरून सगळ्यांना सगळं कळतं, तिथे एखाद्या पोरानं "मी येत नाही" म्हणायचं ठरवलं तर? त्याला खरंच मोकळीक आहे का? आमच्या गल्लीतलं गणपती मंडळ वर्गणीला येतं तेव्हा पण "स्वखुशीनं" असतं.

तिसरं, धागाकर्तीनं बायकांनी तांदूळ गोळा करण्याचं कौतुक केलं. त्याच बायका वडीलजनांच्या बाकावर किती दिसतात ते पण लिहा.

खमंग_चिवडा

+१ गणपती मंडळ. आमच्याकडे तर पावती आधी फाडतात, मग नाव विचारतात.

डोंगरउतार

कडू_कारलं, तिन्ही मुद्दे रास्त आहेत. टाळत नाही.

बायकांचं आधी. वडीलजन सगळे पुरुष. बायकांना वडील किंवा पाळक म्हणून दीक्षा द्यावी का, हा इथला जुना वाद आहे. चर्चमध्येही एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका बसतात. घरमालकीणबाईंना मी विचारलं तेव्हा त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, "तांदूळ आम्ही थांबवले तर कळेल त्यांना." पण थांबवणार नाहीत हे त्यांनाही माहीत आहे आणि वडीलजनांनाही. केटीपीत मात्र पोरी सचिव, खजिनदार सर्रास असतात. ही पिढी पन्नाशीला पोचली की बघू.

मोकळीक. नाही, तशी फारशी नाही. जो पोरगा मयताला येत नाही त्याला कुणी काही बोलत नाही, पण त्याच्या घरी काही झालं तर... असं वाक्य अर्धं सोडून देतात. दारू पिताना सापडलेल्याला किंवा लग्नाआधी पोर झालेल्या मुलीला काही काळ प्रभुभोजनातून वगळतात, मग पुन्हा घेतात. घेतात हे खरं. पण सगळ्या वेंगसमोर. मला ते पाहवलं नाही.

व्यसनाचं मात्र तुमच्यासारखं गणित मी मांडणार नाही. सभा आहेत तरी व्यसन आहे, हे खरं. पण आमच्या शेजारच्या घरातला मोठा मुलगा त्यातलाच. त्याला मध्यरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा चार पोरं त्याला पायऱ्यांवरून पाठीवर घेऊन वर रस्त्यापर्यंत गेली, आणि तो बरा होऊन आल्यावर त्यातल्याच एकानं त्याला लाकूड तोडायला बरोबर नेलं. त्याची आई मला म्हणाली, "प्रवचन नको, काम द्या, असं मी सांगितलं होतं." आता तो सुटलाय की नाही, कुणी खात्रीनं सांगू शकत नाही.

ईशान्यभटक्या

थोडी भर. सरहद्दीपलीकडून फक्त हेरॉइन येत नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये म्यानमारात लष्करानं सत्ता घेतल्यावर मिझोंच्या नात्यातले हजारो चिन लोक मिझोराममध्ये आले, २०२३मध्ये मणिपूरहून तसेच नात्यातले कुकी-झो आले. त्यांच्यासाठी कपडे, तांदूळ, बांबूची घरं कुणी उभी केली? या चर्चनी आणि वायएमएनं. मे २०२४मध्ये रेमाल वादळाच्या पावसात ऐजॉलजवळ दगडाची खाण कोसळून माणसं गाडली गेली, तेव्हाही वायएमएची पोरं ढिगाऱ्यावर होती.

आणखी एक. मिझोराम म्हणजे सगळे प्रेस्बिटेरियन असं समजू नका. जानेवारी १८९४मध्ये लोरेन आणि सॅविज हे दोघे मिशनरी आधी आले. त्यांनी भाषेला रोमन लिपी दिली आणि १८९७ला गेले. त्यांच्या जागी वेल्श मिशनचे डी. ई. जोन्स आले. ते प्रेस्बिटेरियन, म्हणून उत्तर भाग प्रेस्बिटेरियन. लोरेन-सॅविज १९०३मध्ये बॅप्टिस्ट मिशनतर्फे परतले ते दक्षिणेत, लुंगलेईकडे. तिकडच्या तरुणांची संघटना टीकेपी. अक्षरं तीच, क्रम वेगळा. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी दोन्हींची वर्गणी एकाच संघटनेची समजून दिली होती.

नगरी_पावटा

मी पाळकाची मुलगी, नगरची. सध्या एका मोठ्या शहरात नोकरीला, तिथे आमच्या ऑफिसात दोन मिझो मुली आहेत, म्हणून गाण्यावर लिहिते.

आमच्याकडे मंडळीत गाणं म्हणजे पेटी-तबला, ना. वा. टिळकांची भजनं आणि कीर्तनाची चाल. रे. टिळकांनी ओवी-अभंग मंडळीत आणले म्हणून आमच्या आज्या जात्यावरही ख्रिस्ताचं गाणं म्हणायच्या. सूर एकच, सगळ्यांचा मिळून. या मुली मात्र चार भागांत गातात, म्हणजे एकाच वेळी चार वेगळे सूर. त्यांच्या गाण्यांच्या पुस्तकात स्वरांच्या रेषा नाहीत, नुसती अक्षरं: डो, रे, मी यांची आद्याक्षरं आणि मध्ये टिंबं-विसर्ग. सोल-फा. वेल्सच्या मिशनऱ्यांनी शिकवलं आणि लहानपणीच रविवारच्या शाळेत शिकतात. मी एकीला सहज एक न ऐकलेलं गाणं पुढे केलं. तिनं बोटानं मांडीवर ताल धरला, ओठ हलवत एकदा वाचलं आणि दुसऱ्यांदा सरळ गायली. आमच्या संघात हे कुणाला जमणार नाही. पण तिला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, काय असते ते गाऊन ऐकवलं तर तिनं तीनदा परत गायला लावलं.

विचारायचं होतं: ते ढोलावरचं गाणं आणि हे चार भागांचं गाणं, दोन्ही एकाच चर्चमध्ये चालतं का?

डोंगरउतार

चालतं. चर्चमध्ये रविवारी कॉयर चार भागांत गातो, कोट-टाय लावून. आणि नाताळच्या रात्री हॉलमध्ये बाकं बाजूला सारून ढोल मध्ये ठेवतात, तेव्हा सगळे झाइखॉमला बसतात. त्यात भागबिग काही नाही. ठेका चढत गेला की एकेकजण उठून ढोलाभोवती संथ पावलं टाकत नाचायला लागतो, डोळे मिटून. आजीबाई आधी उठतात, पोरं नंतर. ढोल मुळात मिशनऱ्यांना पसंत नव्हता, जुन्या देवधर्माचा आणि तांदळाच्या दारूचा साथीदार म्हणून. १९०६च्या सुमाराला धर्मजागृतीची लाट आली आणि पुढच्या लाटांमध्ये लोक स्वतःच्या चालीत गायला लागले, तशी ढोलाला चर्चचं दार उघडलं. आता ढोलाशिवाय चर्च नाही.

वाशी_सेक्टर

वाशीत मिझोराम हाउस आहे. टाटा हॉस्पिटलमध्ये उपचाराला आलेली मिझो माणसं तिथे उतरतात. (ऐजॉल भागात कॅन्सरचं प्रमाण देशात वरच्या क्रमांकावर आहे.) आमचं दुकान त्याच बाजूला. रविवारी मुंबईत नोकरी-शिक्षणाला असलेली मिझो पोरं येतात, पिशव्यांतून भाजी, मटण, उकडलेलं काहीबाही घेऊन. एकदा एका पोराला विचारलं, नातेवाईक आहे का कुणी आत? म्हणाला, नाही, आज आमची पाळी आहे. तेव्हा मला वाटलं हॉटेलात काम करत असेल! आज धागा वाचून उलगडा झाला. रक्त द्यायलाही तीच पोरं असतात असं तिथला वॉचमन सांगतो.

रंकाळाकाठ

वाशीकर, "आज आमची पाळी आहे" हे वाचून गप्प बसवेना. आमच्या संघाच्या गटावर हा धागा टाकलाय. दोन पोरींनी विचारलं, काका, आपण मिरजेच्या दवाखान्यात बाहेरगावच्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी रविवारचा डबा सुरू करायचा का? मी म्हटलं, करा, पण माझ्याकडं पैसे मागायचे न्हाईत. आधी शंभर रुपये स्वतः कमवून आणा. एकीनं लगेच विचारलं, तुमच्या गच्चीवरची टाकी किती दिवसांत धुतली नाही? नाद खुळा! येत्या शनिवारी टाकी धुवायला येणार आहेत.

कडू_कारलं

टाकी धुवायला आमच्याकडेही पाठवा. दर काय?

(आणि धागाकर्ती, उत्तर प्रामाणिक दिलंत, आभार. भोंग्यांवर माझं मत तेच आहे.)

पावसाळीगंध

उशिरा आले धाग्यावर. डोंगरउतार, तुमचा मुलगा या सगळ्यात कुठे आहे? तुम्ही ख्रिस्ती नाही म्हणालात. त्याला घेतात का? की धर्म बदला वगैरे?

डोंगरउतार

हा प्रश्न आईनंही फोनवर विचारला होता, जरा वरच्या पट्टीत.

धर्माबद्दल आजवर कुणी काही बोललेलं नाही. आम्ही "वाइ", म्हणजे बाहेरचे, हे मात्र सगळ्यांच्या कायम लक्षात असतं. सभेला तो जात नाही. पण वेंगच्या श्रमदानाला, ह्नातलांगला, प्रत्येक घरातून एक माणूस लागतो. पहिल्या वेळी नवरा दौऱ्यावर होता म्हणून मी याला पाठवला. तो फावडं उलटं धरून उभा होता असं खजिनदार मुलीनं मला नंतर सांगितलं. आता तो स्वतःहून जातो. ढोल शिकायचाय त्याला. ढोल वाजवणाऱ्या दादाला विचारलं तर तो म्हणाला, ढोलाचं बघू, आधी शनिवारी लाकडाला ये.

ईशान्यभटक्यांनी झॉलबुकच्या लहान पोरांचं लिहिलं ते मी त्याला वाचून दाखवलं. म्हणाला, म्हणजे मी अजून आत झोपायच्या लायकीचा नाही तर.

पावसाळीगंध

हाहाहा. बरं, डिसेंबरमध्ये आम्ही चौघं यायचा विचार करतोय. परवाना लागतो ना? आणि नाताळच्या जेवणाला बाहेरच्यांना बोलावतात का? आमच्याकडे दोघं शाकाहारी आहेत.

डोंगरउतार

इनर लाइन परमिट लागतं, ऑनलाइन मिळतं. रेल्वे सप्टेंबर २०२५पासून सायरांगपर्यंत आलीय, तिथून टॅक्सी. नाताळचे दोन-तीन दिवस आणि रविवार सोडून बाकी दिवशी फिरा, नाहीतर हॉटेलच्या खोलीत बसून राहाल.

जेवणाला वेंगमध्ये राहणाऱ्या सगळ्यांना बोलावतात. पाहुणे असतील तर आधी सांगायचं, कारण केटीपीची पोरं आदल्या रात्रीपासून चुलीवर असतात आणि माणसांचा हिशेब पक्का ठेवतात. मुख्य पदार्थ डुक्कर आणि भात. भाजीत बाइ असते, मोहरीची पानं आणि आणखी पाला पाण्यात उकडलेला. दिसायला अगदी सात्त्विक. पण शाकाहाऱ्यांनी आधी विचारून घ्या, त्यात बरेचदा आंबवलेली डुकराची चरबी असते. मी पहिल्या वर्षी दोन वाट्या खाल्ल्यावर विचारलं होतं.

खमंग_चिवडा

आणि मग तिसरी घेतलीत की नाही?

डोंगरउतार

घेतली की.